तोफेच्या हाती पेन

४ तारीख, सोमवार

बोलायचं नाही. कुजबुजायचं नाही. खाकरायचं नाही, गुणगुणायचं नाही, शिंक आली तर तीसुद्धा बिनआवाजाची द्यायची. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो. शेवटी "किती दिवस?" विचारायला तोंड उघडलं, तर शेजारी बसलेल्या बायकोने गुडघ्यावर असा फटका मारला की प्रश्न पोटात परत गेला.

तीन आठवडे. आणि कुणाला, तर मला! फळबाजारात मला 'तोफ' म्हणतात. तीस वर्षं मी तिथे लिलाव पुकारतोय. सकाळी पहिली हाळी दिली की टेम्पोत झोपलेले ड्रायव्हर उठून बसतात. मला भोंगा कधी लागला नाही.

गेले काही महिने आवाज फाटत होता. म्हटलं, थंडी असेल. थंडी गेली, आवाज फाटतच राहिला. मग घशात नळी घालून बघितलं, तर आत मसुराएवढी गाठ. परवा ती काढली आणि मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. तपासायची कशासाठी, ते डॉक्टरीणबाईंनी शब्द जपून जपून सांगितलं. मला कळलं, हिलाही कळलं. येताना गाडीत मी या खिडकीतून बाहेर बघत होतो आणि ही त्या.

ही वही हिनेच दिली. ही शाळेचे गणवेश शिवते, मापं लिहायला आणलेली कोरी वही होती. म्हणाली, "मनातलं यात काढा. नाहीतर फुटाल." पेन औषध कंपनीचं, फुकटचं. एवढं लिहिताना दोनदा हात झटकावा लागला. बाजारात मी पुकारतो आणि लिहायचं काम कारकुनाचं. सहीपलीकडे मी शाळा सुटल्यापासून काही लिहिलेलं नाही.

५ तारीख, मंगळवार

लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरीला असते. हिने फोन माझ्या कानाला लावला आणि मी नंदीबैलासारखा मान हलवत उभा. जणू पलीकडे तिला दिसतंय!

लेक म्हणाली, "बाबा, टाइप करा ना मला. किती सोपं आहे."

सोपं म्हणे. 'मला' असं लिहिलं, तर पुढे आपोआप 'माफ करा' उमटलं. संसाराला इतकी वर्षं झाली, मी कुणाची माफी मागितली नाही, आणि हा डबा माझ्या वतीने मागायला निघाला! मग 'भूक' दाबायला गेलो तर 'भूकंप' झाला. तोच मेसेज लेकीला गेला. तिने घाबरून आईला फोन केला. मी फोन बंद करून फळीवर ठेवून दिला.

त्यापेक्षा कागद बरा. पाठकोरे कागद शिवून हिने एक पॅड करून दिलं. त्यावर पहिला शब्द लिहिला 'चहा', आणि तो हिच्या नाकासमोर धरला. हिने मान मागे घेतली. "अहो, इतक्या मोठ्याने काय मागताय?"

बघितलं, तर खरंच. अख्ख्या कागदावर दोन अक्षरं. मी लिहितो तेही ओरडूनच.

६ तारीख, बुधवार

कारकून येऊन गेले. बाजारात त्यांना सगळे 'दौत' म्हणतात, कारण ते अजून शाईच्या पेनाने लिहितात. मी पुकारत असतो आणि ते माझ्या डाव्या हाताला बसून लिहीत असतात. इतकी वर्षं शेजारी उभा राहून मी त्यांचं टक्कल पाहिलं, अक्षर कधी पाहिलं नाही.

त्यांनी माझं पॅड उचललं. एक पान उलटून पाठीमागून चाचपलं. म्हणाले, "आंधळ्यालाही वाचता येईल हे. किती दाबता!"

मग खिशातून एक हिरवं पेन काढलं. टोपण त्याचं काळं, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या पेनाचं. सोबत शाईची बाटली. "हे माझं जुनं. दाबायचं नाही. पेन आहे, पहार नाही. नुसतं कागदावर टेकवा, शाई आपण होऊन येते."

टेकवलं, तर आली की! बाटलीतून मधाची धार यावी तशी निमूट. 'आ' काढला. दुसरा 'आ' काढला. कारकून चहा संपवून निघूनसुद्धा गेले, मी 'आ'च काढत होतो. घशाला बंदी आहे, हाताला नाही.

८ तारीख, शुक्रवार

कुणाला सांगू? इथेच सांगतो. लिहायला मजा येते!

सकाळी हिची शिलाई मशीन सुरू झाली की मी समोरच्या टेबलावर बसतो. निबचा आवाज होतो, अगदी बारीक, उंदराने सुपारी कुरतडावी तसा. मशीन थांबली की तो ऐकू येतो. बाजारात शब्द तोंडातून सुटला की गेला, त्याच्याकडे वळून बघायला वेळ कुणाला? इथे मी शब्दाच्या मध्येच थांबू शकतो. 'संत्रं' लिहिताना 'स'वर टिंब देऊन थांबलो, खिडकीबाहेर बघितलं, नाक खाजवलं, मग 'त्र' काढला. कुणी पुढची बोली लावून घाई करत नाही. आणि सगळ्यात छान काय, तर शेवटी वरून रेघ ओढणं. अक्षरं खाली लटकलेली असतात, आणि एक रेघ ओढली की झाकण बसावं तसा शब्द पुरा होतो. मी आता मुद्दाम लांब शब्द शोधतो. 'गडबडगुंडा' तीनदा लिहिला.

'ळ' मात्र अजून जमत नाही. माझा 'ळ' म्हणजे उताणं पडलेलं झुरळ.

शाई वाळवायला फुंकर मारावी लागते. डॉक्टरीणबाईंना फोन करून हिने विचारून घेतलं, फुंकर चालते.

अंगठ्याला निळा डाग पडलाय, साबणाने जात नाही. उशीच्या अभ्र्यालाही पडलाय. तो मी आतल्या बाजूला वळवून ठेवलाय.

९ तारीख, शनिवार

दुपारी हिला एक फोन आला. नंबर बघून ही बाहेरच्या गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ आली नाही. आली ती सरळ मशीनपाशी बसली.

मी कागद पुढे केला, 'कोण?'

हिने कापडावर आखायचा खडू उचलला आणि पुढ्यातल्या गडद निळ्या कापडावर लिहिलं, 'कापडवाला'. मग हाताने पुसून टाकलं.

त्यानंतर ही बोललीच नाही. संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही! जेवायला वाढलं तेही खुणेने. मी लिहिलं, 'तुझाही घसा कापला काय?' तर माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'तुम्ही गप्प. मग मी एकटीने भिंतीशी बोलायचं का?'

यात तथ्य आहे. तशीही ही कमी बोलते. आमच्या घरातलं दोघांचं बोलणं आजवर मी एकट्यानेच केलं.

१२ तारीख, मंगळवार

आमचं आता रीतसर चाललंय. टेबलाच्या मध्ये पॅड. मी हिरव्या पेनाने लिहितो, सरकवतो. ही पेन्सिलने लिहिते, सरकवते.

हिचं अक्षर सुरेख आहे हो! बारीक, टपोरं, एकसारखं. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मापांच्या वहीत आकडेच असायचे. फक्त ओळ सरळ जात नाही. चढते, मध्येच उतरते, शेवटी खड्ड्यात जाते. मी लिहिलं, 'मास्तरीणबाई, ओळ बघा!' हिने लिहिलं, 'टेबल हलतं.' मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. टेबल आता दगडासारखं उभं आहे, ओळ तशीच.

आणि कागदावर ही काय काय सांगते! हिला माझी बहीण आवडत नाही. कधीच आवडली नाही. हे मला आज कळतंय. मी लिहिलं, 'आधी का नाही सांगितलंस?' उत्तर आलं, 'मध्ये जागाच सापडली नाही.'

मी हसलो, बिनआवाजाचा. बोलण्यात मी कुणालाच जागा देत नाही, हे खरं आहे. कागदावर देणं भागच पडतं. तो एका वेळी एकाच्याच हातात असतो.

आज हिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. बाजारात सांगितलं तर कुणाला पटणार नाही, हिच्या हातून चूक! मी थट्टा केली. हिचे डोळे लाल होते. लिहिलं, 'डोळ्यात दोरा गेला.' कालही गेला होता. चष्म्याचा नंबर वाढला असणार, दाखवायला हवं.

१४ तारीख, गुरुवार

आजचा पराक्रम.

घरात बसून बसून आंबलो होतो. म्हटलं, बाजारात एक चक्कर टाकू. माझ्या जागी सध्या एक पोरगेलासा गडी उभा राहतो. आवाज असा की मी त्याला पहिल्याच दिवशी 'पिपाणी' नाव ठेवलं. गेलो, घोळक्यात मागे उभा राहिलो. संत्र्यांच्या ढिगाची बोली चालली होती. पिपाणी पुकारत होता आणि दौत खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी वर बघितलं. मला काय आनंद झाला! खिशातलं हिरवं पेन काढलं आणि उंच धरून दाखवलं, हे बघा, अजून शाबूत आहे.

आमच्याकडे बोली तोंडाने कमी, खुणेने जास्त लागते. कुणी भुवई उचलतो, कुणी बोट.

"एकवार!" पिपाणी ओरडला. "दोनवार!"

मला वाटलं, कुणाचं नशीब उजळलं बघावं. इकडेतिकडे पाहू लागलो, पेन वरच.

"तीनवार! तोफेला!"

अरे देवा! मी दोन्ही हात हलवले, तर पिपाणी म्हणाला, "काका, आणखी वाढवताय? माल तुमचाच झाला." घाईघाईने पॅडवर लिहिलं 'नको' आणि वर धरलं. पुढचे दोन व्यापारी वाचून म्हणाले, "अक्षर सुधारलं की हो तुमचं!"

आणि नियम कुणाचा? माझाच. तीनवार म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी माल परत घ्यायचा नाही, हे मीच त्या पिपाणीला धाक घालून शिकवलं. आज त्याने ते मला ऐकवलं. बरं केलं. पुढे जाईल पोरगा.

शेवटी व्यापाऱ्यांनी हसून हसून बराचसा माल वाटून घेतला. तीन पेट्या घरी आल्या. हिने पेट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बसून सगळं सविस्तर लिहिलं, दीड पान. ही वाचू लागली. पेन उंच धरलं तिथवर आली तेव्हा हातातला अर्धा शिवलेला सदरा तोंडावर धरला आणि खांदे गदगदा हलायला लागले. हसत सुटली! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेचना. सदरा भिजला. मला तर लिहिण्याचा अभिमानच वाटला. एवढं काही विनोदी नव्हतं ते.

१६ तारीख, शनिवार

सकाळी संत्रं, दुपारी संत्रं. शेजारच्या घरांत वाटून झाली.

रिपोर्ट अजून नाही. आठवड्यात येतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी हिला लिहिलं, 'फोन करून विचार.' हिने लिहिलं, 'केला. गर्दी आहे म्हणे तिथे.' ओळ पार घसरगुंडीसारखी.

आज एक गोष्ट केली. इथे नाही, पॅडवर. तोंडाने मी ती जन्मात बोललो नसतो. बोललो असतो तर मोठ्याने हसून बोललो असतो, म्हणजे खोटी झाली असती. पेन हळू चालतं, त्यामुळे वाटेत थट्टा करायला सुचलं नाही.

लिहिलं, 'मला भीती वाटते.'

लिहून बघत बसलो. माझं अक्षर आता बरं आहे. चार लोकांत उभं राहील असं ते वाक्य दिसत होतं. वरची रेघ ओढली, फुंकर मारली, शाई वाळली. भीती काही गेली नाही, पण पोटात होती ती समोर कागदावर येऊन बसली. तेवढाच पोटाला आराम.

मग ते हिच्याकडे सरकवलं.

हिने वाचलं. पेन्सिल उचलली, ठेवली. पुन्हा उचलली. खाली लिहिलं, 'मलापण.'

मग आम्ही एक संत्रं सोललं आणि दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

१९ तारीख, मंगळवार

काही नाही! काही नाही! काही नाही!

साधी गाठ. जोरजोरात ओरडणाऱ्यांना होते तशी. काढली, संपलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पहिल्या तपासणीत थोडी शंका वाटली होती, म्हणून तोच तुकडा दुसरीकडे दाखवून घेतला. म्हणून उशीर झाला. ताईंना मी फोनवर सांगितलं होतं त्या शनिवारी."

त्या शनिवारी. कापडवाला.

मी हिच्याकडे बघितलं. ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. म्हणजे दहा दिवस ते एकटीने पोटात ठेवून ही माझ्यासमोर बसून लिहीत होती. तोंड उघडलं असतं तर आवाज कापला असता आणि मला कळलं असतं. तीस वर्षं माणसांचे आवाज ऐकून बोली ओळखणारा मी! भुवई हलली तरी मला कळतं म्हणतो. आणि टेबलाखाली पुठ्ठा घालत बसलो. माझ्यासारखा गाढव मीच.

दवाखान्याच्या जिन्यात ही एकदम बोलायला लागली. आणि काय बोलणं! "उशीच्या अभ्र्याला शाई लावलीत ती मला दिसली नाही वाटतं? आतल्या बाजूला वळवलीत म्हणजे निघून जाते का? पांढरा अभ्रा! आणि तीन पेट्या संत्री! तुम्हाला पेन दिलं कुणी, त्या दौतकाकांना मी चांगली ऐकवणार आहे. आणि तुमची बहीण येणार आहे म्हणे, येऊ दे, मी काही..." जिना संपला, रस्ता लागला, चौक आला, ही थांबेना. लोक वळून बघत होते. आणि मला बोलायची बंदी! एका शब्दाने मध्ये तोंड घालता येईना. म्हणजे इतकी वर्षं हिला हे असं व्हायचं तर!

मध्येच एकदा हिचा आवाज फाटला. मी हिचा हात धरला. माझ्या अंगठ्याचा निळा हिच्या मनगटाला लागला. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

२१ तारीख, गुरुवार

'ळ' जमला. पान भरून काढले. सुटसुटीत, झुरळासारखा एकही नाही. दौत येऊन बघून गेले. म्हणाले, "पेन आता तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या हाताला बसलं ते, माझं ऐकायचं नाही." हिने त्यांना काही ऐकवलं नाही. उलट संत्री बांधून दिली.

२५ तारीख, सोमवार

आज आवाज उघडायचा दिवस. सकाळपासून पॅडवर यादी केली होती, पहिला शब्द कोणता बोलावा. सतरा खाडाखोडी. काही पसंत पडेना.

डॉक्टरीणबाईंनी नळीने घसा बघितला, मान डोलावली. म्हणाल्या, "एक ते दहा अंक म्हणा. हळू. ताणायचं नाही."

यादी खिशातच राहिली.

"एक..." म्हटलं. आवाज निघाला! जुन्या कपाटाचं दार कुरकुरावं तसा, बारीकसा, पण माझाच. मला इतकं भरून आलं की सवयीने पुढे गेलं, "...वार." आणि मग, "दोनवार."

दोननंतर मी नेहमी थांबतो. सगळ्या तोंडांवरून एकदा नजर फिरवतो, आणखी कुणी आहे का. तशी फिरवली. खोलीत होतं कोण? डॉक्टरीणबाई, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर ही, मांडीवर पिशवी, पिशवीवर माझं पॅड.

हिने पेन्सिल धरलेला हात हळूच वर केला.

बाजारात ही कधी आली नाही. कुठे शिकली, देव जाणे. माझ्या दीड पानातून शिकली असणार.

"तीनवार," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. "हं, पुढे? दहापर्यंत म्हणायचंय."

ही म्हणाली, "पुढे काही नसतं हो बाई. तीनवार म्हटलं, माल गेला. आता परत घ्यायचा नाही."

तोफ बंद. पुन्हा भोंग्याशिवाय पुकारायचं नाही, अशी ताकीद मिळाली आहे. सध्या दिवसाला दहा मिनिटं बोलायची परवानगी. आजची निम्मीसुद्धा वापरली नाहीत. संध्याकाळी टेबलाशी बसलो आणि पॅड पुढे ओढलं. ही म्हणाली, "आता बोलता येतं की."

मी लिहिलं, 'अक्षर बघ. सुधारलं की नाही?' आणि सरकवलं.

हिने चष्मा लावला. माझ्या ओळीखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला, 'थोडं.' मग जरा विचार करून पुढे वाढवलं, 'पण लिहीत राहा. मला वाचायला आवडतं.'

मी पॅड दिव्याखाली धरून बघितलं. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सरळ गेली होती.